माझ्या स्टुडिओचे खांब आणि बाबलकाकांचं गाऱ्हाणं

मंडळी, आज मी सूड घेतला. तोही देवासमोर.

चित्रांसाठी परसात स्टुडिओ बांधतेय. आवारातलीच सुरूची झाडं तोडून, साली सोलून खांब सुकत ठेवले होते. त्यातले दोन जाडजूड खांब गायब झाले आणि लगोलग शेजारच्या बाबलकाकांची गाडीची शेड उभी राहिली. विचारलं तर म्हणाले, "माका काय म्हायत?"

आज पहिला खांब उभारायचा होता. आमच्या वाडीत नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतात ते बाबलकाकाच. ते बोलतात आणि बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. मी मुद्दाम सगळी वाडी बोलावली आणि ऐन वेळी म्हटलं, "काका, खांब गेले तां पण सांगा."

काका नारळाकडे बघत पुटपुटले, "खांब जेणा नेल्यान, तेका बरी बुदी दी, म्हाराजा..."

"बुदी नको!" मी ओरडले. "त्या खांबांक वाळवी लागांदे!"

सवयीने सगळी वाडी गरजली, "व्हय म्हाराजा!"

संध्याकाळपासून काका शेडला डांबर फासतायत. सगळ्या खांबांना नाही हं, फक्त दोन.

काय म्हणता, गाऱ्हाणं मागे घेऊ, की त्यांच्या घराचे वासेपण त्यात घालू?