जपानी पात्यावरचं कुंकू

मी इकडं परदेशात, क्वेकर्स हिलला मुलाकडं राहतो. शाळा चौथीत सुटली. पुढं चाळीस वर्षं ऐरणीपाशी काढली, कोयते, विळे, कुऱ्हाडी करत. घण बायको मारायची. ती गेल्या वर्षी गेली, आणि मुलानं मला इकडं आणून ठेवलं.

खंडेनवमीला मुलाच्या मित्राकडं शस्त्रपूजा होती. हा पुण्याचा, कॉम्प्युटरवाला. त्यानं लिलावात जुनी जपानी तलवार घेतली होती. पूजेआधी ती सगळ्यांत फिरली. जो तो पात्यावरनं घामट बोटं फिरवतोय, फोटो काढतोय. "सर्टिफिकेट आहे हां," असं हा दर माणसाला सांगतोय.

माझ्या हातात आली तशी मी खिडकीशी नेली. धारेच्या कडेनं धुक्यासारखी पांढुरकी रेघ, लाटा घेत टोकापर्यंत गेलेली. रेघेच्या खाली धार कडक, वर पाठ नरम. तापलं पातं पाण्यात बुडवून पाणी देताना माझे कुऱ्हाडीच्या चार बोटं धारेतच हाल व्हायचे. त्या लोहारानं दीड हात पात्यावर कुठं चूक केली नव्हती. हे हिला दाखवायला पाहिजे होतं. तिथं वीस माणसं होती, पण दाखवावं असं एक नव्हतं.

मग त्यानं तलवार चौरंगावर ठेवली आणि पात्यालाच ओलं हळदकुंकू फासायला घेतलं.

"पात्याला नको रे. गंजेल. मुठीला लाव."

"काका, पूजेत असंच करतात."

"आमच्याकडं कुंकू ऐरणीला आणि दांड्याला. पात्याला नुसतं तेल."

"काका, हे जपानी स्टील आहे. तुमचा कोयता नाही."

सगळे हसले. माझा मुलगापण. "बाबा, चिल," म्हणाला.

जेवणं चालू असताना मी पुसायला उठलो, तर सुनेनं दंड धरला. "बाबा, पूजा मोडू नका. उद्या दसऱ्याला उचलतील ते." वर ओली झेंडूची फुलं. तशीच राहिली ती रात्रभर.

आठ दिवसांनी तो तलवार घेऊन आमच्या घरी आला. खुशीत होता.

"डाग पडले होते काका, तुम्ही म्हणालात तसे. पण काढले मी. तांब्याची भांडी घासायची पावडर असते ना, ती. बघा, एकदम नवीन."

पाहिलं. मधोमध वीतभर पातं स्टीलच्या ताटासारखं चकाकत होतं, बारीक ओरखडे पडलेलं.

"रेघ घालवलीस," मी म्हटलं.

"कुठली रेघ?"

मी तलवार म्यानात घातली नि त्याच्या हातात दिली.

"भिंतीला लाव. आता तुझ्याजोगी झाली."

"थँक्स, काका," म्हणाला. आणि मुलाला घेऊन खिळा कुठं ठोकायचा ते बोलत बसला.