पायाला लागलेले पाच बार

लांबून बघितलं तर सुरुंगाचा बार आधी दिसतो. विहिरीच्या तोंडातून माती आणि दगड सावकाश वर येतात, क्षणभर हवेतच थांबल्यासारखे वाटतात, आणि आवाज काही नाही. तो मागून येतो. घोड नदीच्या पलीकडच्या काठावर बाई धुणं आपटते, तिचा हात पुन्हा वर गेलेला असतो आणि आपल्याला आपटल्याचा आवाज तेव्हा येतो, तसंच. त्या मधल्या मुक्या क्षणासाठी मी बार बघायला जाते, असं मी शाळेतल्या बरोबरच्या शिक्षिकांना सांगायचे. खरं तर नवरा बोलवायचा म्हणून जायचे.

नव्वदीची मधली वर्षं होती. आम्ही लोणीला राहायचो. मी हायस्कूलला विज्ञान शिकवायचे आणि आमचे हे विहिरींचे बार उडवायचे. लग्न ठरत होतं तेव्हा माझी मावशी म्हणाली होती, "शिकलेली पोरगी सुरुंगवाल्याला देताय व्हय?" मला तिचा इतका राग आला की त्या भरातच मी हो म्हणून टाकलं. पुढे राग गेला आणि नवरा राहिला. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

ह्यांच्या कामात मोजणीला फार महत्त्व. खडकात भोकं पाडून स्फोटकांच्या कांड्या भरायच्या आणि वाती अशा लहानमोठ्या ठेवायच्या की बार एकामागून एक उडतील, म्हणजे मोजता येतील. भोकं सहा तर बार सहा. पाचच ऐकू आले तर एक खाली जिवंत आहे, आणि मलबा काढायला उतरलेल्या माणसाची पहार त्याच्यावर पडली की संपलं. म्हणून मोजायला एक माणूस लांब उभा करतात, ज्याला दुसरं काही काम नसतं. सुट्टीच्या दिवशी तो माणूस मी असायचे. बाभळीखाली उभं राहायचं, एकेक बोट दुमडायचं आणि शेवटी हात वर करून किती ते दाखवायचं.

"तुम्हाला दुसरं कोणी मिळत नाही का?" मी विचारायचे.

"तुझ्यासारखं मोजणारं कोण हाय? पोरांचे मार्क मोजून तुझा हात बसलाय."

असं म्हटल्यावर कोण नाही म्हणणार. मोटरसायकलवर मागे बसून मी निघायचे, आणि मला ते आवडायचं.

लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा संध्याकाळी आम्ही अर्धवट खणलेल्या एका विहिरीच्या काठावर पाय सोडून बसलो होतो. खाली उडालेल्या खडकाचा उग्र वास अजून तरंगत होता. हे दिवसभर ज्याच्याशी खेळतात ते नक्की काय असतं, ते समजावून सांगायची मला हुक्की आली. मी सांगितलं की चुलीतलं लाकूड जळतं तेव्हा आग शेजारून शेजारी जाते, ऊब पोचेल तशी, सगळ्यांना सवड देत. स्फोटात सवड नसते. दाबाची एक लाट त्या कांडीतून धावते, त्या कांडीतून आवाज जेवढ्या वेगानं जाईल त्याच्याही पुढे. जिथे पोचते तिथले रेणू मोडतात, आणि मोडताना त्यांच्यातून जे सुटतं तेच त्या लाटेला पुढे ढकलतं. मागे काय झालं त्याची खबर पुढच्या कणाला लागलेलीच नसते.

"म्हंजी झोपेतच," हे म्हणाले.

"झोपेतच."

मग मला आणखी चेव आला. मी म्हटलं, पुढे ती लाट खडकात शिरते. आवाज हवेतून रमतगमत येतो, पण खडकातून कितीतरी पटीनं लवकर जातो, म्हणून लांब उभ्या असलेल्या माणसाला बार आधी पायाला कळतो आणि मग कानाला. ह्यांनी लगेच चपला काढल्या आणि तळपाय खडकाला टेकवून डोळे मिटले. "लई बोलतोय खडक," म्हणाले, "पण तुझ्याइतका न्हाई." मी मातीचं ढेकूळ फेकून मारलं. उजेड गेला तरी आम्ही बसून होतो.

त्यानंतर काही वर्षांनी कधीतरी हे बाराच्या आधी चपला काढायला लागले. आमच्या घरात मूर्तीपुढे बुद्धवंदना होते, दगडाधोंड्याला कोणी हात जोडत नाही. विहिरीचा मालक नारळ फोडायचा तेव्हा हे बाजूला उभे राहायचे. आणि आता वात पेटवून लांब आले की अनवाणी. मी चिडवायचे, "काय हो, दगडाच्या पाया पडायला लागलात की काय?" हे म्हणायचे, "दगडाचाबी मान असतो." मला ते छान वाटायचं. एवढी वर्षं खडक फोडून माणूस हळवा झाला असं मी समजले.

मग तळेघरच्या बाजूचं काम आलं. ह्यांनी त्याआधी कधी डोंगरात काम केलं नव्हतं, सगळ्या विहिरी आमच्याकडच्या सपाटीच्या. भात काढून झालेलं होतं, खाचरं रिकामी होती आणि त्यांच्यावर धुकं पडून होतं. समोर पलीकडे उंच काळा कडा. मला शाळेला सुट्टी होती. त्या हवेत चालताना आपण चालतोय की कोणी आपल्याला चालवतंय ते कळत नव्हतं. विहिरीचा मालक म्हातारा होता, त्याचे दोन मुलगे मलबा काढायला उतरणार होते. धाकट्याचं लग्न ठरलेलं, तो सारखा हसत होता.

धुकं विरल्यावर सहा भोकांच्या वाती पेटल्या. हे पळत आले, माझ्यापासून थोडं दूर चपला काढून उभे राहिले. माती वर आली, थांबली, मग आवाज आला. एक. दोन. दगड संथपणे वर जात होते आणि मी बोटं दुमडत होते. पाचव्यानंतर जरा वेळानं सहावा आला, मऊ, गोधडीत गुंडाळल्यासारखा. मी सहा बोटं वर केली. धूर गेल्यावर मुलांनी पहारी उचलल्या.

"थांबा," हे म्हणाले. "पाचच उडालेत."

"सहा," मी म्हणाले.

हे माझ्या तोंडाकडे बघत होते. "पाच."

मला राग आला. चारचौघांत मला खोटं पाडतात म्हणजे काय. "माझे कान शाबूत आहेत," मी म्हटलं, "मी सहा मोजले." म्हातारा म्हणाला, "पावणं, बाई शिकलेल्या हायेत, सहा म्हणत्यात. आमी बी सहाच ऐकले. उतरू द्या पोरांना." धाकटा दोर धरून काठावर बसलासुद्धा. मोजणाऱ्याचा शब्द शेवटचा, हा ह्यांनीच घालून दिलेला नियम होता.

ह्यांनी पुढे होऊन त्याचा दोर धरला. आणि सगळ्यांसमोर, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मला ऐकू येत न्हाई. लई दिवस झाले. बार उडवून उडवून कान गेलेत माझे. म्हणून मी पायानं मोजतो. पायाला पाच लागले. आज कोणी उतरायचं न्हाई."

म्हाताऱ्यानं मुलाला मागे ओढलं.

नंतर मी कड्याकडे बघितलं तेव्हा मला उमगलं. सपाटीला आवाज जातो तो जातोच. इथे तो कड्यावर आपटून परत येत होता. पहिल्या चार बारांचे पडसाद पुढच्या बारांखाली झाकले गेले. एक बार उडालाच नाही, आणि पाचव्याच्या पडसादावर पडायला पुढचा बार उरला नव्हता. तो एकटाच आला, आणि तो मी सहावा म्हणून मोजला. पायाखालच्या खडकात आपटून परत यायला कडा नव्हता, त्याच्यातून पाच गेले ते पाचच.

पण हे सगळं नंतरचं. आधी मला हुंदका आला आणि त्याच्या जोडीला भयंकर राग. हा माणूस माझ्या शेजारी झोपतो, बहिरा झालाय, आणि मला पत्ता नाही. मी आपली समजत होते की हे माझं बोलणं मनावर घेत नाहीत.

"मला का नाही सांगितलंत?" मी त्यांच्यासमोर उभी राहून विचारलं, ओठ दिसतील असं.

"सांगितलं असतं तर तू काम करू दिलं असतं का?"

नसतंच करू दिलं.

"आणि पायाचं तूच तर शिकवलं व्हतंस," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे एकटेच उतरले. मी काठावर बसून राहिले. खालून हातानं एकेक दगड बाजूला ठेवल्याचा आवाज येत होता, आणि तो मलाच येत होता, त्यांना नाही. बऱ्याच वेळानं हे वर आले आणि म्हाताऱ्याला एक बोट दाखवलं. खाली एक होता. ह्यांनी तो निकामी केला होता. म्हातारा जमिनीवर बसला आणि त्यानं ह्यांच्या अनवाणी पायांना हात लावला. हे लाजून मागे सरले.

बहिऱ्या माणसाच्या हातात वात कोण देणार. ही गोष्ट ह्यांना विहिरीतून वर येण्याआधीच माहीत होती, दोर धरला तेव्हाच. घरी आल्यावर ह्यांनी सुरुंगाचा परवाना स्वतः नेऊन परत दिला आणि आम्ही शेतात कांदा करायला लागलो. सुरुवातीला हे शेतात लांब कुठे बार झाला की काम थांबवून उभे राहायचे.

दोन हजारनंतर आम्ही नवं घर बांधलं, शहाबादी फरशीचं. तोवर त्यांना काहीच ऐकू येईनासं झालं होतं. मी शाळेतून आले की दारात टाच आपटायचे, आणि हे आतून म्हणायचे, "आलीस?"

एकदा शाळेत मला फार लागेल असं कोणीतरी बोललं. काय ते आता महत्त्वाचं नाही. मी आले आणि टाच न आपटताच आत शिरले, कोणाशी बोलायचं नव्हतं म्हणून. हे ओट्यापाशी पाठमोरे उभे होते, अनवाणी.

"आज पाय ओढत आलीस," हे मागे न बघताच म्हणाले. "काय झालं?"

"काही नाही," मी म्हणाले.

ते त्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी चहा ठेवला.