साडूबुवांची यूएसबी

आमच्या धाकट्या साडूबुवांनी जन्मात एकही वस्तू बिघडली म्हणून मान्य केलेली नाही. उमरग्यातल्या दवाखान्यांची यंत्रं दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा, पण कुणी "मशीन गेलं" म्हटलं की तेच दुखावतात. "गेलं न्हाय, रुसलंय," म्हणतात आणि समजूत काढायला बसतात. तामलवाडीला एका लग्नात ऐन मंगलाष्टकांत स्पीकर खरखरला, तर हे हातातल्या अक्षतांसकट स्टेजखाली शिरले. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आणि साडूबुवा बाहेर आले ते थेट वरातीला, डोक्याला कोळ्याचं जाळं लावून. तेव्हापासून माझी मेहुणी लग्नाला निघताना नवऱ्याचे खिसे तपासते. मला ते यंत्रांतलं सगळं बारकाईनं समजावून सांगतात. माझं कॉम्प्युटरचं ज्ञान बंद करून पुन्हा चालू करण्यापुरतं. मी मान डोलावतो, एवढाच माझा उपयोग.

एके वर्षी अणदूरला आमच्या सासऱ्यांना, म्हणजे मामांना, लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. डाव्या हाताशी घंटी ठेवली होती. ती वाजली की घरातले सगळे धावायचे. कुणी पाणी, कुणी गोळी, कुणी उशी. त्यांना काय हवंय त्यावर आमचं भांडण जुंपलं की मामा डोळे मिटून घेत. ते बघून साडूबुवांनी बोलणारी पेटी करायला घेतली. तळहाताएवढा, लिनक्सवर चालणारा कॉम्प्युटरचा बोर्ड, एक स्पीकर, आणि यूएसबीनं जोडलेली सहा मोठी बटणं, पाचांवर चित्रं आणि एक कोरं. पाण्याचं दाबलं की "मला पाणी द्या" असं ऐकू येणार. आवाज माझा भरला, कारण घरात रिकामा मीच होतो.

पण बटणं बोर्डाला दिसेचनात. बोर्डावरच्या यूएसबीचा कारभार बघणारा ड्रायव्हर बसला होता, तरी पोर्ट ढिम्म. साडूबुवांनी कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभाच बदलला, पुन्हा बदलला. बोर्ड चालू होताना पडद्यावर धावणाऱ्या ओळी ते पोथीसारख्या मोठ्यानं वाचत. आठवड्यामागून आठवडे गेले. मामा आता घंटीही क्वचित वाजवू लागले.

"जावईबापू, बाजारातनं तयार का न्हाय आणत?" सासूबाई साडूबुवांना म्हणाल्या.

"मामी, ते इंग्रजीत बोलतंय."

"मग ऱ्हाऊ द्या. ह्यांनी इंग्रजीत पाणी मागितलं तर म्या काय देऊ?"

एका दुपारी मी मान डोलावत वीज मोजायच्या मीटरच्या सुया पोर्टला धरून बसलो होतो. तासभर शून्य. कंटाळून साडूबुवांनी ड्रायव्हरच काढून टाकला.

"आले! पाच व्होल्ट आले!" मी ओरडलो.

"दादा, चेष्टा नगा करू."

"अहो, तुमच्या पोथीची शपथ!"

त्यांनी ड्रायव्हर परत घातला. शून्य. काढला. पाच. साडूबुवांनी कपाळावर हात मारला. बोर्डाची रचना सांगणारी फाइल त्यांनी त्याच कंपनीच्या थोरल्या बोर्डावरून उतरवली होती. थोरल्यात जो इशारा वीज सोडायचा, तोच धाकट्यात वीज तोडायचा. ड्रायव्हर बिचारा रोज इमानेइतबारे "सुरू कर" म्हणत होता आणि पोर्ट तितक्याच इमानानं बंद होत होतं. "लई छळलं ओ तुला," साडूबुवा बोर्डाला म्हणाले. एक शब्द बदलला, आणि बटणांवरचे दिवे लागले.

मामांपुढं बटणं ठेवली. सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन, मेहुणी गोळी घेऊन, मी माझा आवाज ऐकायला कान टवकारून. मामांनी पाचही चित्रांवरून बोट नेलं आणि सहावं, कोरं बटण दाबलं. ते भरलंय हे आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. आवाज साडूबुवांचा आला: "थोडा वेळ सगळे बाहेर जा."

"बघा की! तोंड उघडलं अन् पहिलं आमालाच हाकललं," म्हणत सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि सगळ्यांत आधी त्याच उठल्या. साडूबुवाही पक्कड उचलून निघाले, तर मामांनी डाव्या हातानं त्यांचं मनगट धरलं. संध्याकाळपर्यंत दोघं आतच होते.

"काय बोलणं झालं एवढं?" मी नंतर विचारलं.

"काय न्हाय. बसलो हुतो नुसतं."

मामा तो हिवाळा काढून गेले. साडूबुवांच्या वेडावर मी अजून चारचौघांत हसतो. पण एक गोष्ट सांगत नाही. पेटी होईपर्यंतचे तीन महिने घंटी वाजली की त्या खोलीत ज्याचं तोंड सगळ्यांत जास्त चाललं, तो मी होतो.