सरोजने खाली उतरवलेलं कपाट

वेंगुर्ल्याहून जपानला यायला निघालो तेव्हा आई एसटीच्या खिडकीशी उभी होती. बोलत होती ती माझ्याशी नव्हे, सरोजशी. "सूनबाई, याला तूच परत आण. हा आपणहून यायचा नाही." सगळे हसले. मीही हसलो.

दादा, वहिनी, मी परत आलो नाही याचा दोष तुम्ही इतकी वर्षं सरोजला देत आलात. तो तिचा नव्हता. पुढच्या आठवड्यात ती तुमच्याकडे कायमची राहायला येते आहे, म्हणून आता तरी हे लिहायला हवं. इथे कोबेतही नवऱ्यांमागून आलेल्या मराठी मुली आहेत. त्यांच्या घरच्यांनीही वाचलं तर बरं.

माझं काम मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. उपग्रह समुद्राचा रंग टिपतो. निळा आणि हिरवा प्रकाश किती परत येतो त्यावरून पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींचं हरितद्रव्य आणि त्यांनी सोडलेली सेंद्रिय संयुगं किती असतील, याचा आम्ही अंदाज बांधतो. मग बोटीवरून पाणी आणून, गाळून, तो पडताळून बघतो. लॅबमध्ये गेल्या गेल्या मी आधी कोकणपट्टीचा नकाशा उघडायचो. पावसाळाभर ढगांमुळे काही दिसायचं नाही. एरवीही किनाऱ्याला चिकटलेले चौकोन पांढरेच असत. जमिनीचा उजेड त्यांत मिसळतो, म्हणून आम्हीच ते काढून टाकायचो. आपलं बंदर नेमकं त्यांतच. तरी बघायचो.

आमची मुलगी चौथीत असताना गोव्यातल्या एका संस्थेने मला नोकरीला बोलावलं. सरोजने लगेच आवराआवर काढली. इथे मोठं सामान टाकायचं तर आधी फोन करून दिवस ठरवावा लागतो, दुकानातून पैसे भरल्याचं स्टिकर आणून चिकटवावं लागतं. तिने मोडक्या जपानीत सगळं जमवलं. ठरल्या सकाळी आम्ही दोघांनी कपाट खाली उतरवलं. तिथे रस्त्याच्या कडेला मी तिला सांगितलं, की गोव्याला नकार कळवून आठवडा झाला. नवा उपग्रह लवकरच वर जाणार होता. त्याचा पहिला डेटा माझ्या हाती यावा, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तिने वाकून कपाटाची एक बाजू धरली. मग म्हणाली, "तिकडून धरा. जड आहे." आम्ही ते पुन्हा वर नेलं.

त्या रविवारी मी तुम्हाला फोनवर म्हटलं, "सरोजचं मन इथे रमलंय." ती शेजारीच भाजी निवडत होती. तिने मला खोटं पाडलं नाही. आईच्या दिवसांना आलो तेव्हा वहिनी, तुम्ही म्हणालात, "या जपानीणबाई, सासू गेल्यावर वाट सापडली का?" तेव्हाही तिने खरं सांगितलं नाही. मीही.

उपग्रह वर गेला, डेटा आला, माझ्या नावावर पेपर झाले. आता ती म्हणते, "नातवंडं जपानीत हसतात, कशाला ते मला कळत नाही. मला माणसांत बसून मराठीत भांडायचंय." मीही तिकीट काढू का, असं विचारलं. म्हणाली, "तुम्ही नंतर बघा. आधी मला एकटीला राहू द्या."

वहिनी, टोमणे शिल्लक असतील तर ते माझ्यासाठी ठेवा. घर तिथेच आहे, कधीही जाता येईल, असं मी आयुष्यभर धरून चाललो होतो. आता तिने 'या' म्हटलं, तरच ते माझं घर.