विहिरीची हिरवी बाजू

मी बॉटनीत एम.एस्सी. करते हे आमच्या घरी सगळ्यांना माहीत होतं. पण मी नेमकं काय करते, हे मी कुणालाच धड सांगितलं नव्हतं. बाबा पाहुण्यांना सांगत, "पोट्टी झाडाची डॉक्टर होऊन राहिली." मी ते कधी दुरुस्त केलं नाही. घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. नागपूरला प्रताप नगरात आम्ही तिघी मुली एका खोलीत राहतो. घर कुही तालुक्यात, धानाच्या गावात, बौद्ध मोहल्ल्यात. जे झालं त्यात कुणाचीच चूक नव्हती असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण चूक होती, आणि ती माझी होती.

आमचं डिपार्टमेंट दरवर्षी मॉस आणि लिव्हरवर्ट, म्हणजे ओलीवर वाढणारी शेवाळासारखी बुटकी झाडं, बघायला पचमढीला जातं. नागपूरच्या उन्हात ही झाडं टिकत नाहीत. पावसाळ्यात भिंतींवर मॉसची मखमल येते आणि दिवाळीनंतर करपून काळी पडते. पहिल्या वर्षी मी टूरला गेले नाही, कारण घरी धानाची कापणी होती. त्याच आठवड्यात मोहल्ल्याच्या विहिरीत आमची बादली पडली. गळाला लागेना, म्हणून मी आतल्या दगडी टप्प्यांवरून खाली उतरले.

ही विहीर आमच्या आजोबांच्या पिढीनं स्वतःच्या हातांनी खोदली. गावच्या विहिरीला तेव्हा आमच्या लोकांना हात लावू देत नव्हते. आता नळ आले आहेत, विहिरीचं पाणी गुरांना आणि कपड्यांना लागतं तेवढंच. दक्षिणेकडच्या भिंतीवर, जिथे ऊन कधीच पोचत नाही, तिथे दगडांच्या सांध्यांतून पाणी झिरपतं. त्या ओलीवर मॉसच्या उशा होत्या आणि त्यांच्या खाली दगडाला चिकटून चपट्या, फाटे फुटलेल्या हिरव्या पट्ट्या. पट्ट्यांवर मोहरीएवढ्या वाट्या, वाट्यांत हिरवे कण. पुस्तकातली आकृती मी पाठ केली होती. पाण्याचा थेंब वाटीत पडला की कण उडतात आणि जिथे पडतात तिथे नवं झाड धरतं. मी बादली विसरून तशीच उभी राहिले.

एक छोटा तुकडा मी डब्यात घालून कॉलेजला नेला. आम्हाला हा विषय शिकवणाऱ्या सरांनी तो कापून मायक्रोस्कोपखाली दोनदा बघितला. मग म्हणाले, "हे लिव्हरवर्टच आहे. पण नाव ठरवायला त्याच्या छत्र्या, म्हणजे बीजाणू धरणारे देठ, आलेल्या हव्यात. आता आणखी उचलू नकोस, थोडंच आहे. छत्र्या आल्या की सांग, मी येतो." मी तंतोतंत ऐकलं. पुढे एकही पट्टी उचलली नाही.

माझा प्रकल्प त्याच भिंतीवर ठरला. मॉस असलेल्या दगडांवर आणि उघड्या दगडांवर मी चौकोन आखले. दर पंधरा दिवसांनी घरी जाऊन खाली उतरायचं, ओल बघायची, वहीत लिहायचं. मे महिन्यात उघडे दगड सकाळीच कोरडे ठाक असायचे. हिरव्या दगडांना संध्याकाळी हात लावला तरी बोटं ओली व्हायची. तिथे गोगलगायी होत्या, बोटाच्या पेराएवढा बेडूक होता. नेच्याची दोन रोपं मॉसच्या उशीत रुजली होती. सांध्यांतली माती मॉसनं धरून ठेवली होती, नाहीतर ती केव्हाच पाण्यात गेली असती. उघड्या दगडावर आधी हीच झाडं येतात, माती धरतात, मग बाकीच्यांना जागा होते. हे सगळं मी परीक्षेत लिहिलं होतं, पण हातानं तेव्हाच पहिल्यांदा कळलं.

शेजारची मावशी काठावरून विचारायची, "काय पाह्यत असतं वं खाली? खजिना सापडला का?"

"पाण्याचा अभ्यास आहे मावशी."

"पाह्य बाई, पाह्य. सापडला तं अर्धा मले."

शेवाळाचा अभ्यास करते, असं मला सांगता आलं नाही. घरचे धानात चिखल तुडवतात आणि मी नागपूरला राहून शेवाळ मोजते, हे मला माझंच ऐकायला नको वाटायचं.

यंदा जानेवारीत छत्र्या आल्या. बारीक देठांवर चिरलेल्या हिरव्या छत्र्या, सात. मी सरांना फोटो दाखवले, सरांनी त्याच आठवड्यातला रविवार धरला. मी बाबांना फोन केला, "सर विहीर पाहाले येऊन राहिले."

"आपली विहीर? नागपूरचे सर?"

"हो बाबा."

"बरं, बरं. तू काही टेन्शन घेऊ नको. आमी पाहून घेतो सारं."

काय पाहून घेतो, हे मी विचारलं नाही.

रविवारी सरांच्या गाडीतून उतरले तेव्हा आधी वास आला. ब्लीचिंग पावडरचा. विहिरीच्या काठाभोवती रांगोळी होती, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. कठड्याला नवा निळा पट्टा ओढला होता. मोहल्ल्यातले सगळे धुतलेल्या कपड्यांत उभे होते. मी वाकून आत बघितलं. विहीर काठापासून पाण्यापर्यंत पांढरी होती. चुना अजून जागोजागी ओला होता.

मावशी पुढे आली. "पाहा सर. दोन दिवस लागले आठ माणसाईले. तारेच्या ब्रशनं घासली. यायची विहीर घाण, असं म्हणाची आता कोणाची हिंमत नाई."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. मग ते सगळ्यांकडे वळून म्हणाले, "विहीर फार छान ठेवली आहे तुम्ही." त्यांनी चहा घेतला, विहीर कुणी खोदली ते विचारलं, सगळं ऐकून घेतलं. निघताना गाडीपाशी हळू आवाजात म्हणाले, "तू सांगितलं नव्हतंस का यांना?"

मी नकारार्थी मान हलवली.

"फोटोवरून नाव देता येत नाही. नमुना नाही म्हणजे नोंद नाही. विषय बदलून घे, अजून वेळ आहे." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं.

खरवडलेलं सगळं मोहल्ल्यामागच्या उकिरड्यावर टाकलं होतं. सर गेल्यावर मी तिथे बसून ते उकरलं. मॉस, चुना, कोळ्यांची जाळी, सगळं एक झालं होतं आणि दोन दिवसांच्या उन्हात सुकून हाताला टोचत होतं. एक तरी पट्टी जिवंत मिळावी म्हणून मी बोटांनी चाळत राहिले. मागून बाबा आले.

"काय हरपलं वं?"

मी आणखी एक मूठ उचलली.

"सर खूश झाले न? काहून रडून राहिली मंग?"

मी मोबाइल काढून छत्र्यांचा फोटो त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा वर सारून बराच वेळ बघितला.

"हे? हे तं मीच खरवडलं. त्या कोन्यात दुसऱ्याले जमून नाई राहिलं. लय घट्ट धरून होतं दगडाले."

मग मी त्यांना सगळं सांगितलं, उकिरड्याशेजारी उकिडवं बसून. ओल कशी धरून ठेवतं, बेडूक का राहतो, नेचा कसा रुजतो. बाबांनी मध्येच थांबवलं. "नर्सरीत गुटी बांधाले मास येत होता पोत्यातनं. साल काढली का त्याच्याभोवती ओला मास गुंडाळाचा, मंग मुळं फुटत. महिनाभर वलावा राह्यचा त्याच्यात. हे तेच का?"

"त्याच कुळातलं आहे बाबा."

लग्नाआधी बाबा सहा वर्षं नर्सरीत होते. हजारो कलमं त्यांनी मॉसमध्ये, त्यांच्या भाषेत मासमध्ये, बांधली होती. डिपार्टमेंटमधल्या कुणापेक्षाही त्यांनी मॉस जास्त हाताळलं होतं, आणि मला वाटलं होतं की त्यांना कळणार नाही.

"पह्यले काहून नाई सांगतलं?"

"तुम्ही हसले असते."

"हासलो असतो तं हासलो असतो," ते म्हणाले. "खरवडलं तं नसतं."

ते उठून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी खाली उतरून साध्या पाण्यानं दक्षिणेकडची भिंत धुतली, तिसऱ्या दिवशीही. चुना दगडाच्या छिद्रांत गेला होता, निघाला नाही.

मी विषय बदलला. कॉलेजच्या कुंपणाच्या भिंतीवरचं नेहमीचं मॉस घेतलं, जे सगळेच घेतात. प्रबंध वेळेत गेला. विहिरीतल्या नोंदींची वही त्यात कुठेच नाही.

पाऊस सुरू झाल्यापासून बाबा दर रविवारी विहिरीत उतरतात आणि फोटो पाठवतात. गेल्या रविवारी फोटोमागोमाग फोन आला.

"पाह्य बरं. हिरवं दिसून राहिलं."

मी फोटो मोठा करून बघितला. पांढऱ्या दगडावर गुळगुळीत हिरवी चिकट साय होती. पाण्याच्या टाकीत धरते ती.

"नाही बाबा. हे ते नाही."

"बरं. नवीन असन म्हणून तसं दिसत असन."

"नाही बाबा. ते असं नसतं."

फोनमध्ये विहिरीत पाणी ठिबकल्याचा आवाज येत होता. ते अजून खालीच होते. वाट्या राहिल्या नाहीत तर कण कुठून येणार, आणि जवळचं दुसरं झाड पचमढीला आहे, हे मला त्यांना सांगायचं होतं.

"मंग पुढच्या रविवारी पाह्यतो," ते म्हणाले.

मी सांगितलं, तेव्हाही येणार नाही. त्यांनी ऐकलं की नाही माहीत नाही. टप्प्यांवर हात टाकून वर चढताना त्यांना फोनवर बोलता येत नाही.