आधी टाच, मग कान

बाळ बघायला आलेलं माणूस आधी तोंड बघतं आणि नाक कुणावर गेलं याचा निकाल लावून मोकळं होतं. टाचबाई मात्र दुपट्याचं खालचं टोक उघडून आधी पाय बघायच्या. माझी मुलगी नागपुरात ज्या दवाखान्यात जन्मली, तिथे त्या नर्स होत्या. नवजात बाळांच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन तपासणीला पाठवायचं काम त्यांच्याकडे. अख्खा वॉर्ड त्यांना टाचबाई म्हणायचा आणि त्यांनाही ते आवडायचं.

सुई टोचण्याआधी बाळाची टाच मुठीत धरून त्या ऊब द्यायच्या, आणि तेवढ्यात आईची शिकवणी. समोरच्याला वाक्य पुरं करू द्यायची त्यांना सवयच नव्हती. "नाळेले काही लावायचं नाही. हळद भाजीत, तेल दिव्यात. कूलरची हवा पोरीवर सोडायची नाही. अन् काजळ आजीनं घालावं, स्वतःच्या डोळ्यात!" माझ्या सासूबाई शेजारीच होत्या. त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडेपर्यंत टाचबाई पुढच्या खाटेपाशी पोचल्या.

आमची मुलगी भारी शहाणी निघाली. भूक लागली तरी रडायची नाही, पाजायला उठवावं लागायचं. "लय गुणाची हाय, आवाजच नाही," सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मलाही कौतुक वाटायचं.

बारशाला नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. कान टोचायला इतवारी बाजारातला सोनार येऊन बसला होता. गडबडीत फोन कुठे वाजतोय याचं कुणाला भान नव्हतं. तेवढ्यात दारात स्कूटी थांबली आणि टाचबाई तडक पाळण्यापाशी आल्या.

"फोन काहून नाही उचलून राहिले? सकाळपासून लावून राहिली मी!" मग मला बाजूला घेऊन हळू म्हणाल्या, "पोरीचं थायरॉइड कमी दिसून राहिलं. पक्कं करायले पुन्हा रक्त पाहिजे. कमीच निघालं तं गोळी लवकर चालू करा लागते. उशीर झाला तं डोक्याची वाढ मागं पडते." मी सासूबाईंना सांगून बाळाला उचलायला वळले.

सासूबाई पाळण्यापुढे आडव्या उभ्या राहिल्या. "आज शुभ दिवस हाय. माझ्या नातीले सुई नाही टोचू देणार. अन् झालं काय तिले? रडत बी नाही बिचारी."

"काकू, रडत नाही म्हणूनच तं मले धास्ती हाय." टाचबाईंची नजर सोनारावर गेली. "हे काहून आले?"

"कान टोचायले."

"वा! त्यायची सुई शुभ, अन् माझीच अशुभ?"

आधी सोनारच हसला आणि सरकून त्यांना जागा करून दिली. मग बायका हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत, पण बाजूला झाल्या.

"आधी टाच, मंग कान," म्हणत टाचबाईंनी बाळ सासूबाईंच्याच मांडीवर दिलं. "धरा. आजीच्या हाताची ऊब लागू द्या." सासूबाईंनी ती इवलीशी टाच मुठीत घेतली.

थायरॉइड कमीच निघालं. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, आणि ती चुरून आईच्या दुधात कालवून चमच्याने कशी द्यायची, ते टाचबाईंनी घरी येऊन दाखवलं. तेव्हापासून गोळी सासूबाईंच्या ताब्यात. पूजेला उशीर झालेला त्यांना चालतो, गोळीला नाही.

काही आठवड्यांनी एका सकाळी पोरीने असा गळा काढला की शेजारी धावत आले. मी घाबरून टाचबाईंना फोन लावला. "फोन तिच्या तोंडाजवळ धर," त्या म्हणाल्या. बराच वेळ ऐकून म्हणाल्या, "रडू दे वं. मले बरं वाटून राहिलं."

आता टाचबाई निवृत्त झाल्या आणि कळमेश्वरला मुलाकडे राहायला गेल्या. जाण्याआधी निरोप घ्यायला आल्या, तेव्हा मुलगी पहिलीत होती. तिने त्यांच्या शेजारी बसकण मारली आणि शाळेतल्या बाईंचं नाव, डब्यातली भाजी, मैत्रिणीशी झालेलं भांडण, सगळं एका दमात सुरू केलं. टाचबाईंना एक शब्द बोलायला मिळेना. मला वाटलं, आता तोडतील मध्येच.

"अवं पोरी, चूप बस थोडी," सासूबाई ओरडल्या. "त्यायले बोलू दे."

टाचबाईंनी हाताने त्यांना थांबवलं. डोळे भरून आले होते. "नाही काकू," त्या म्हणाल्या, "तिलेच बोलू द्या."