बांध आणि हिमालय

तेलगावला माझ्या शेताच्या दक्षिणेला एका काकांची कपाशी आहे. दर नांगरटीला ते आमच्यामधला बांध वीतभर माझ्या बाजूनं कोरतात. विचारलं, की खांद्यावरच्या रुमालानं चष्मा पुसत समजावून सांगतात, "म्या कावून कोरीन? आरं, आपला आख्खा देशच उत्तरेला सरकायलाय. त्या रेट्यानंच तर हिमालय वर चाललाय. मोबाइलवर बघ की!"

मी हिमालयाला हात जोडायचो आणि घरी यायचो.

औंदा मात्र काकांच्या दक्षिणेकडच्या शेजाऱ्यानं त्यांचा बांध तसाच कोरला. मी गेलो तर काका नांगरापुढं आडवे पडलेले.

मी म्हणालो, "काका, देश सरकला असंल."

"मोजणीवाल्याला बोलीव आधी!" ते ओरडले. "हिमालय गेला खड्ड्यात!"